झाकण लावणाऱ्याची खूण

१२ जानेवारी

बेडक्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फेकून देशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्ता टाइप करून घेतला. थोरल्या बहिणीला एवढी लबाडी माफ असते.

बाबा गेले. आज तीन आठवडे झाले. इतकं अचानक झालं, की तुला कळवायला सवडच मिळाली नाही. त्रास म्हणून काही झाला नाही. शेवटी कुणाचं नाव घेतलं नाही, काही मागितलं नाही. तुझ्या मनाला लागून राहू नये म्हणून हे सांगते आहे, टोचायला नाही.

आता कामाचं. त्यांच्या टेबलाच्या खणात चिमट्यांच्या डबीखाली एक कागद सापडला. दुकानाच्या कोऱ्या पावतीची मागची बाजू. त्यावर लिहिलंय, "माझी दोन घड्याळं. धाकट्याने आधी निवडावं. उरलेलं थोरलीने घ्यावं." खाली सही. बस. नऊ वर्षं ज्यानं तोंड दाखवलं नाही त्याला पहिला मान, आणि जी रोज समोरच्या स्टुलावर बसून मान मोडून घेत होती तिला उरलेलं. बाबा होते, आपण काय बोलणार!

दोन्ही घड्याळं तुला माहीत आहेत, तरी सांगते. पहिलं क्रोनोग्राफ, मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडताना मालकांनी स्वतःच्या हातानं बाबांच्या मनगटावर बांधलेलं. पांढरी तबकडी, तिच्यात तीन छोट्या तबकड्या, कडेला दोन बटणं. वरचं दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की झालं गेलं विसरून शून्यावर. आत तीनशेच्या आसपास भाग आहेत आणि ते सगळे अजून एकमेकांशी बोलतात. मी कालच तेल घातलं.

दुसरं पाणबुड्याचं. तू पाणबुड्याची परीक्षा पास झालास तेव्हा बाबांनी तुझ्यासाठी आणलेलं. बाबांनी स्वतःसाठी असलं घड्याळ आयुष्यात घेतलं नसतं. जाडजूड, काळं, बाहेर फिरती कडी. ते कुठे आहे, कसं आहे, हे तुला मी वेगळं सांगायला नको. तूच ते त्यांच्या टेबलावर आपटून गेलास. तेव्हापासून ते त्यांच्या खणात होतं.

माझं ऐकशील तर क्रोनोग्राफ घे. चालणारं घड्याळ आहे, देखणं आहे, शर्टाच्या बाहीखाली गुपचूप बसतं. दुसरं म्हणजे मनगटावर लोखंडाचा गोळा. शिवाय ते बघून तुला काय आठवणार ते मला कळतं. त्यात आता काही राहिलं नाही.

आणि एक. जे झालं ते बाबांच्या हातून झालं. त्यांनी ते तुझ्या तोंडावर कबूल केलं होतं. हात थरथरायला लागले होते त्यांचे, वय झालं होतं. माणूस गेला, आता माफ करून टाक.

उत्तर दे. एका ओळीचं चालेल.

ताई

३० जानेवारी

बेडक्या,

उत्तर नाही. ठीक आहे, तुझ्या नाकावरचा राग मी पाळण्यातून बघत आले आहे.

क्रोनोग्राफ रोज सकाळी चावी देऊन ठेवते, म्हणजे तुझ्याकडे येईल तेव्हा आळसावलेलं नसेल. आज खिडकीशी बसून तबकडी पुसताना आठवलं, बाबा आपल्याला कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत पळवायचे आणि हेच घड्याळ लावून दारात उभे राहायचे. तू दर वेळी माझ्या आधी. "चौतीस सेकंद, बेडूक जिंकला!" मी रडायचे आणि ते म्हणायचे, "तुझे हात त्याच्या पायांपेक्षा जलद आहेत, कशाला रडतेस." म्हणून मला स्टुलावर बसवलं आणि तुला पाण्यात जाऊ दिलं. बघ, या घड्याळात तू लहानपणापासून आहेस. त्यामुळे ते तुझंच.

पाणबुड्याच्या घड्याळाची काच आतून धुरकट झाली आहे. काटे दहा वाजून सतरा मिनिटांवर थांबलेत. बघवत नाही. तुझी हरकत नसेल तर मीच ते कुठेतरी नीट ठेवून देते, डोळ्याआड.

तू फक्त हो म्हण. बाकी पाठवण्याचं मी बघते.

ताई

११ फेब्रुवारी

बेडक्या,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच, कोंबडीच्या पायांचं. आधी बराच वेळ नुसतं हातात धरून बसले, मग वाचलं.

मागच्या पत्रात मी पळण्याचं लिहून गेले. तुझ्या पायाचं लक्षातच राहिलं नाही. खरं तर मला तू अजून पळतानाच दिसतोस, कारण काठी घेऊन चालताना मी तुला फक्त एकदाच पाहिलं आहे, आणि तेव्हा तू दुकानाबाहेर चालला होतास. चुकलं माझं.

तू लिहिलंस, पाणबुड्याचं पाठव. आणि का, तेही लिहिलंस. तुझ्याबरोबर पाण्यात उतरलेल्या लंबूच्या बायकोनं नऊ वर्षांनी तुला पत्र लिहिलं. तेव्हा तू तिला एकटीलाच घड्याळ बंद पडल्याचं सांगितलं होतंस; आता ती विचारते, ते खरंच बंद पडलं होतं, की तूच बघायला विसरलास? "मला एकदा खरं सांगा, मग मी पुन्हा लिहिणार नाही." तुला आता तुझ्या शहरातल्या एखाद्या घड्याळजीकडून लेखी घेऊन तिला दाखवायचंय, की आत पाणी शिरलं होतं.

अरे, पण हे चौकशीत का नाही दाखवलंस? मला कधीच कळलं नाही. तुम्ही दोघं दहाला उतरलात, धक्क्याखाली गढूळ पाण्यात, वेळ बघायची ती तुझ्या मनगटावर. तू सतरा मिनिटं पाहिलीस, काम करत राहिलास, पुन्हा पाहिलंस तरी सतराच. जास्त वेळ खाली राहून तसंच वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होऊन काय होतं ते तूच आम्हाला जेवताना समजावून सांगितलं होतंस. लंबू तिसऱ्या दिवशी गेला, तुझा पाय गेला. आणि चौकशीत तू म्हणालास, "माझं लक्ष नव्हतं." लायसन्स गेलं, नाव गेलं. घड्याळाचा एक शब्द काढला नाहीस. एकदा इथून नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं असतंस तर?

असो. ते घड्याळ पाठवण्यात काही अर्थ नाही, हे घड्याळ दुरुस्त करणारी म्हणून सांगते. नऊ वर्षांत आत गंजाचा लगदा झाला असणार. बाहेरचा माणूस उघडेल, खांदे उडवेल. त्यापेक्षा मी इथे उघडून बघते आणि दुकानाच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून देते, की पाणी शिरलं होतं. तिला तेवढं पुरेल. तुला क्रोनोग्राफ येईल आणि तिला कागद. दोघांचंही काम होईल.

उलट टपाली कळव.

ताई

२५ फेब्रुवारी

बेडक्या,

मिळालं तुझं पत्र. "ताई, घड्याळ पाठव. उघडू नकोस. मत नको." बरं.

तू विचारतोस, बाबा खरंच काही बोलले नाहीत का. लिहिलं होतं ना मी.

चौकशीत घड्याळ का दाखवलं नाहीस ते तू पहिल्यांदाच सांगितलंस. दाखवलं असतं तर बाबांचं दुकान बंद झालं असतं, म्हणून. हे तू एवढ्या सहज, एका ओळीत लिहिलंस, की मला पुढचं वाचवेना. टेबलावर घड्याळ आपटून, नाही नाही ते बोलून गेलास, आणि बाहेर जाऊन त्यांच्यासाठी खोटं बोललास.

सोमवारी पार्सल टाकते.

ताई

२ मार्च

बेडक्या,

सोमवार उलटून गेला. पार्सल टाकलं नाही. हे पत्र शेवटपर्यंत वाच. फाडायचं असेल तर नंतर फाड.

तू उघडू नकोस म्हणालास, तरी आज सकाळी मी घड्याळ उघडलं. का उघडलं ते आधी सांगते, नाहीतर पुन्हा मागेपुढे करीन. आतली एक खूण घासून काढायला उघडलं.

दुकानाचा नियम तुला माहीत आहे. झाकण लावेल त्याने आतल्या बाजूला खूण करायची. बाबांची, गोल आणि त्यात टिंब. माझी, त्रिकोण. खाली तारीख. सात वर्षांचा असताना तूही एका गजराच्या घड्याळात बेडूक कोरून मार खाल्ला होतास. जगातला कुठलाही घड्याळजी झाकण उघडलं की आधी ती खूण वाचतो. तुझा माणूसही वाचणार, तुला सांगणार, त्रिकोण आहे, सोळा ऑगस्ट. आणि मग मी तुला एवढे दिवस क्रोनोग्राफ का गळ्यात घालत होते ते तुला कळणार.

ते घड्याळ मी बंद केलं होतं. बाबांनी नाही.

त्याआधी वर्षभर बाबांचे हात थरथरत होते. नाजूक कामं माझ्याकडे सरकवायचे, गिऱ्हाइकाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. तुझं घड्याळ तू त्यांच्या हातात दिलंस, त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "आपल्या बेडकाचं आहे, नीट कर," एवढंच म्हणाले. मी नीट केलं. सगळं खोललं, धुतलं, तेल घातलं, नवी रबरी रिंग बसवली, आणि पाण्याच्या दाबाच्या यंत्रात घालून तपासलं. पास झालं. एक थेंब नाही. तिथेच थांबायचं होतं.

मी शेवटचं म्हणून भिंग डोळ्याला लावलं आणि तबकडीवर, नऊच्या आकड्याजवळ, एक कण दिसला. पांढरा, कापसाच्या तंतूएवढाही नाही. भिंगाशिवाय तो कुणालाच दिसला नसता. तुला तर आयुष्यभर दिसला नसता, तू गढूळ पाण्यात काटे तरी कसे बघत होतास देव जाणे. पण मला तो दिसला होता आणि माझ्या हातून असं काम बाहेर जाणार हे मला सहन होईना. गर्व म्हण. मी झाकण पुन्हा उघडलं, घड्याळाचं यंत्र बाहेर काढलं, कण उडवला, यंत्र बसवलं, झाकण फिरवून घट्ट केलं. खूण सकाळीच केलेली होती.

उघडलं की पुन्हा दाबात तपासायचं असतं, हे दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात. त्याला वेळ लागतो, आणि मला पाच वाजता एक जण भेटायला येणार होता. त्याचं पुढे काही झालं नाही, तू ओळखत नाहीस. मी केस नीट केले आणि घड्याळ तयार कामाच्या ट्रेमध्ये ठेवून निघाले. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते तुझ्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "डोळे झाकून जा, हे दगा देणार नाही." मी समोरच बसले होते. चौथ्या दिवशी तुम्ही पाण्यात उतरलात.

आणि तू आलास तो दिवस. काठी, नवी कोरी, तिच्यावरचं लेबलही निघालं नव्हतं. तू विचारलंस, "कुणी बंद केलं होतं हे?" मी तोंड उघडलं होतं, बेडक्या. खरंच उघडलं होतं. पण बाबा मान वर न करता म्हणाले, "मी." मग तू जे बोललास ते बोललास. हात थरथरतात तर दुसऱ्याचा जीव कशाला घेता, म्हणालास. बाबा चिमटा पुसत होते, पुसतच राहिले. मी मनात म्हटलं, उद्या सांगते, याचा राग जरा निवळू दे. त्या उद्याला नऊ वर्षं झाली.

बाबांनी मला एकदाही विचारलं नाही. एकदाही. तेच मला सगळ्यात जड गेलं. मला वाटायचं, ते खण उघडून बघतच नाहीत, त्यांना नक्की माहीत नाही, दाब तपासायचं यंत्रच जुनं होतं असं धरून चालले असतील. मीही खणाला कधी हात लावला नाही.

आता शेवटचं. पहिल्या पत्रात लिहिलं, अचानक गेले. खोटं. अकरा दिवस अंथरुणावर होते. रोज दुपारी औषध घेताना विचारायचे, "कळवलंस त्याला?" मी म्हणायचे, "कळवलं." "काय म्हणतो?" "यायला निघेल, म्हणाला." दाराशी पाऊल वाजलं की मान वळवायचे. शेवटच्या दिवशी विचारणं सोडून दिलं. तू येणार नाहीस असं समजून गेले ते. मी एक ओळही लिहिली नव्हती तुला. तू आला असतास, जवळ बसला असतास, आणि मरताना माणूस काय बोलून जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून. मी त्यांची मुलगी, त्यांच्या तोंडाला पाणी लावत होते, आणि हा हिशेब करत होते.

तर आज सकाळी खिडकीच्या उजेडात झाकण उघडलं. आत सगळं तांबूस झालंय. रिंग एका जागी चेपलेली आहे, वळून झाकणाच्या आट्यात अडकलेली, नखाएवढा भाग. तिथूनच पाणी गेलं. मी झाकण उलटं केलं आणि भिंग लावलं. त्रिकोण नव्हता.

गोल होता आणि त्यात टिंब. खाली सोळा ऑगस्ट. तो गोल तू बघ, म्हणजे कळेल. बाबांचा गोल कसा असायचा, कंपासनं काढल्यासारखा. हा वेडावाकडा आहे, तीन ठिकाणी तुटलेला, टिंब बाहेर घसरलेलं. भोवतीचा पत्रा घासून काढलेला, आणि कडेला माझ्या त्रिकोणाचा एक कोपरा अजून राहिलाय, केसाएवढा. थरथरत्या हातानं बाबांनी माझी खूण पुसली आणि स्वतःची कोरली. केव्हा, ते मला कळायचा मार्ग नाही. दुसऱ्याच्या कामावर त्यांनी आयुष्यात खूण केली नाही. हीच एक.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या समोर बसून, माझ्या हातचं जेवून, मला ओळखून होते. आणि बाकीचं काहीच हलवलं नाही. गंज तसाच, रिंग तशीच. तुझ्यासाठी ठेवलं असणार. कुणीही उघडलं तर पाणी शिरलं होतं हे दिसावं, तू खोटा ठरू नयेस, आणि दोष मात्र त्यांच्याकडे जावा. दोन्ही पोरांना पुरेल असं करून गेले. तुला आधी निवडायला का सांगितलं तेही आता कळलं. तू हेच मागशील, हे त्यांनी ओळखलं होतं.

बेडक्या, मी घासायला गेले ते काम आधीच झालेलं होतं. मी झाकण लावून पार्सल टाकलं असतं तर तुझा घड्याळजी म्हणाला असता, गोल आणि टिंब, आणि तू म्हणाला असतास, हो, माझे वडील. कुणाला कधी कळलं नसतं. मी दोन तास स्टुलावर बसून होते. गिऱ्हाईक आलं, त्याला नंतर या म्हटलं.

मग त्यांच्या गोलाखाली मी माझा त्रिकोण कोरला. तारीख तीच, सोळा ऑगस्ट. माझा हात थरथरला नाही, याचीच मला लाज वाटली.

लंबूच्या बायकोसाठी वेगळा कागद ठेवला आहे. रिंग कुठे चेपली, पाणी कसं गेलं, घड्याळ सतरा मिनिटांवर का थांबलं, आणि ते कुणी न तपासता बंद केलं, सगळं माझ्या सहीनं. तू तिला खरंच सांगितलं होतंस, हे तिला कळू दे. चौकशीवाल्यांना दाखवायचा असेल तर त्यांनाही दाखव. दुकान आता फक्त माझं आहे. कुणाला वाचवायचं राहिलेलं नाही.

तुला माफ कर म्हणणार नाही. ते माझं बाबांच्या नावानं मागून झालं आहे, पहिल्याच पत्रात, आणि तेही माझ्यासाठीच होतं. उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन. क्रोनोग्राफ इथे आहे. आजपासून चावी देणं बंद केलं. तुला तेही हवं असेल तर पाठवीन.

एक काम तेवढं तुझ्यावर सोडते आहे. घड्याळ डबीत आहे आणि झाकण वेगळ्या कागदात गुंडाळलंय. मी ते लावलं नाही, ते तिकडेच कुणाकडून तरी लावून घे. वाटेत आत धूळ जाईल. जाऊ दे.

ताई